धनी आणि पदरचे लोक : हटकर नाईक ते हिंगोलीची छावणी

मागच्या आठवड्यात आपण जपानमधल्या सात्सुमाच्या शिमाझू घराण्यापाशी थांबलो. त्यांच्या पदरी गोशी नावाचे सामुराई असत. एरवी गावात राहून शेती करायची, बोलावणं आलं की तलवार घेऊन निघायचं. अशी माणसं आपल्या पैनगंगेच्या खोऱ्यातही होती. आजच्या हिंगोली, वाशीम, नांदेड आणि यवतमाळच्या सीमाभागात हटकर नाईकांचा दबदबा होता.

‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फजलने वाशीम भागातल्या हटकरांची नोंद केली आहे : एक हजार स्वार, पाच हजार पायदळ, आणि वर शेरा असा की हे लोक मगरूर आणि बंडखोर. (शेरा मुघल दरबाराचा आहे, मान तुकवायला नकार देणारा कुणीही दरबाराला बंडखोरच वाटणार.) मूळचे हे धनगर. मेंढरं राखायची आणि भालाही चालवायचा. नाईकाभोवतीची माणसं बहुधा भावकीतली नाहीतर गावातली. त्यांना नोकर म्हणणं जिवावर येतं.

पुढे दख्खनेत लढाईच पगारी झाली. निजाम, भोसले, पेशवे, सगळ्यांनी अरब शिबंदी ठेवली. गढी राखावी तर अरबांनीच, असा लौकिक होता. मात्र पगार थकला की ते धन्यालाच धरणं धरून कोंडत. हटकरांपैकी नोवसाजी नाईकांनीही हदगावजवळच्या नाव्ह्याच्या गढीत अरब ठेवले. जानेवारी 1819 मध्ये मेजर पिटमनने निजामाची फौज घेऊन गढीला वेढा घातला. 31 तारखेला गढी पडली, तेव्हा आतले बहुतेक लोक लढताना मारले गेले होते. निष्ठा रक्तातूनच येते, असं मानणाऱ्यांनी हे अरब आठवावेत. त्यांचं ना गाव इथलं, ना भाषा.

खरा डाव वेगळाच होता. गढी घेणाऱ्या फौजेचा पगार निजामाचा, पण अधिकारी इंग्रज आणि हुकूम हैदराबादच्या रेसिडेंटचा. या ‘पदरच्या’ फौजेचा खर्च निजामाला पेलेना, थकबाकी साचत गेली, आणि 1853 च्या तहात तिच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात द्यावे लागले. नोकरांच्या पगारापायी धन्याची जमीन जाण्याचं इतकं ठळक उदाहरण मला जपानच्या इतिहासात सापडलेलं नाही. तिथे उलट घडलं : 1876 मध्ये मेजी सरकारने सामुराईंचे तनखे मोडीत काढले, आणि पुढच्याच वर्षी सात्सुमा पेटलं.

निजामाच्या याच फौजेचं हिंगोली हे एक मोठं ठाणं होतं. रिसाला, पलटन, तोफखाना, पेन्शनपुरा ही शहरातली नावं त्याच काळातली. छावणी 1903 मध्ये उठली.

नाव्ह्याची हकीकत आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः जिंकणाऱ्यांच्या कागदांतून. नाईक घराण्यांकडे किंवा गावच्या पाटील-कुलकर्ण्यांकडे मोडी कागद, सनदा उरल्या असतील, तर त्या रद्दीत जाण्याआधी वाचून, छायाचित्रं काढून ठेवा.