कुरळ्या केसांची कैफियत

रायपूरच्या गोलबाजारात शिकेकाई, रिठे, आवळकाठी आणि नागरमोथा आजही वजनावर विकत मिळतात. जुन्या पिढीतील गृहिणी ती खरेदी करताना शिकेकाईची शेंग बोटांनी मोडून पाहतात, मग भावाची घासाघीस करतात. परंतु त्याच बाजारातून बाहेर पडून नव्या वस्तीकडे वळले की दर दोन-चार दुकानांआड एखादे ब्यूटी पार्लर दिसते आणि त्याच्या काचेवर एकच चित्र असते : पाण्याच्या धारेसारखे सरळ, चमकदार केस पाठीवर सोडलेली तरुणी. कुरळ्या केसांची तरुणी या काचांवर मला क्वचितच आढळली. एखाद्या ठिकाणी आढळली तर ती 'पूर्वी' या सदराखाली, आणि तिच्या शेजारी 'नंतर' म्हणून तीच मुलगी सरळ केसांनिशी हसत असते.

हा विषय आज लिहावयास घेण्याचे कारण घरगुती आहे. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी यंदा एकवीस वर्षांची झाली. भोसल्यांच्या राजवटीपासून जी मराठी कुटुंबे छत्तीसगडात येऊन स्थायिक झाली, त्यांपैकी आमचे एक. आणि आमच्या आजीकडून आम्हांला वारशाने काय मिळाले असेल तर ते दाट, कुरळे, कोणाचे न ऐकणारे केस. भाचीला पाहावयास नागपूरची मंडळी येणार असे ठरले आणि ताईने पहिली गोष्ट कोणती केली, तर पार्लरमध्ये चौकशी. "अगं, एकदाच करून घेऊ दे. सहा महिने तरी केस सरळ राहतील. तेवढ्यात लग्न उरकेल," असे ती मला म्हणाली. भाची गप्प होती. थोड्या वेळाने तिने मलाच विचारले, "मावशी, तूही केले होतेस ना? मग मला का नको म्हणतेस?"

प्रश्न रास्त होता. मी केले होते. बारा वर्षांपूर्वी, अगदी याच कारणासाठी. ज्या ठिकाणी ते केले त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. डोक्याला लावलेला लेप चुरचुरू लागला तेव्हा मी तसे म्हटले, उत्तर आले, "थोडे सहन करा, सगळ्यांनाच होते." कानामागची कातडी सोलवटून निघाली आणि ती जखम भरण्यास पंधरवडा लागला. केस मात्र सरळ झाले. लग्नाच्या छायाचित्रांत मी चांगली दिसते असे सर्वजण म्हणतात. माझी सात वर्षांची मुलगी तो अल्बम चाळताना मला ओळखत नाही, ही गोष्ट वेगळी. तीन-चार महिन्यांत मुळाशी कुरळे केस उगवले, टोके सरळच राहिली, आणि जुन्या-नव्या केसांची जेथे सीमा होती तेथून ते फणीसरशी तुटू लागले.

असे का होते हे समजून घेण्यासारखे आहे. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या लांब साखळ्या एकमेकींशी दोन प्रकारच्या बंधांनी जोडलेल्या असतात. एक बंध दुबळा. तो पाण्याने किंवा उष्णतेने सुटतो व पुन्हा जुळतो. तापलेल्या इस्त्रीने सरळ केलेले केस रायपूरच्या आषाढी हवेत तासाभरात पूर्ववत होतात ते यामुळेच. दुसरा बंध गंधकाचा. तो बळकट असतो आणि केसाचा आकार प्रामुख्याने तोच टिकवून धरतो. कायमचे सरळ करावयाचे तर तो गंधकाचा बंधच तोडावा लागतो. आपल्याकडे ज्याला रिबाँडिंग म्हणतात त्यात एक रसायन लावून हे बंध तोडतात, केस तापलेल्या पट्ट्यांमध्ये दाबून सरळ करतात व दुसऱ्या रसायनाने नव्या जागी बंध जुळवितात. पाश्चात्त्य देशांत कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी विकली जाणारी 'रिलॅक्सर' नावाची मलमे याहूनही जहाल. त्यांपैकी कित्येकांत प्रत्यक्ष कॉस्टिक सोडा असतो. परंतु रसायन कोणतेही असो, त्याचा अंमल डोक्याबाहेर आलेल्या केसावरच चालतो. मूळ त्वचेच्या आत, ज्या वळणदार कोशात केस घडतो, तेथे ते पोचत नाही. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढतो तो आपल्या मूळ स्वभावानेच. म्हणजे 'एकदाच' असे या व्यवहारात काही नसते.

आता आरोग्याविषयी. 'केराटिन ट्रीटमेंट' या गोंडस नावाखाली होणाऱ्या कित्येक उपचारांत तापविल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. पार्लरमध्ये डोळे चुरचुरतात व घसा धरतो तो त्याने. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली हा पदार्थ मानवात कर्करोग उत्पन्न करणारा म्हणून नोंदविला. त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल वापरण्याची प्रथा पडली, तर त्याचेही वेगळे दुखणे पुढे आले. ट्युनिशियात केस सरळ करवून घेतल्यावर एका तरुणीच्या मूत्रपिंडांना तीनदा इजा झाली, अशी हकिगत फ्रान्समधील डॉक्टरांनी २०२४ साली प्रसिद्ध केली. उंदरांवर प्रयोग करून त्यांनी असेही दाखविले की हे आम्ल कातडीतून शरीरात शिरते आणि त्याचे ऑक्सलेटचे खडे मूत्रपिंडात साचतात. अमेरिकेत ३३,४९७ स्त्रियांची सुमारे अकरा वर्षे पाहणी करून २०२२ साली एक निष्कर्ष मांडण्यात आला : वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा केस सरळ करणारी द्रव्ये वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण अंदाजे ४.०५ टक्के, तर मुळीच न वापरणाऱ्यांमध्ये १.६४ टक्के. एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे त्या संशोधकांनाही मान्य आहे. वर्षातून एकदा पार्लरमध्ये जाणाऱ्या मुलीला यावरून भयभीत करणे योग्य नव्हे. पण तिला ते ठाऊक असू नये हेही योग्य नव्हे.

या पाहणीत केस सरळ करणाऱ्या स्त्रियांपैकी बहुसंख्य कृष्णवर्णीय होत्या. त्यांची कहाणी आपल्यापेक्षा पुष्कळच कठोर आहे. गुलामगिरीच्या काळापासून त्यांच्या केसांना लोकरीची उपमा देऊन हिणवण्यात आले. पुढे दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट असताना एखाद्याचा वंश संशयास्पद वाटला तर त्याच्या केसांत पेन्सिल खोचून पाहत. ती खाली पडली तर मनुष्य एका वर्गाचा, अडकून राहिली तर दुसऱ्या. केसांच्या वळणावर माणसाने कोठे राहावे व कोणत्या शाळेत शिकावे हे ठरत असेल, तर ते वळण घालविण्याची धडपड ही निव्वळ नटण्याची हौस कशी म्हणावी? अमेरिकेत सारा ब्रीडलव्ह नावाची, १८६७ साली जन्मलेली, लोकांचे कपडे धुऊन पोट भरणारी स्त्री स्वतःच्या केसगळतीवर उपाय शोधता शोधता केशप्रसाधनांच्या मोठ्या उद्योगाची मालकीण झाली, मॅडम सी. जे. वॉकर म्हणून ती प्रसिद्ध आहे. तिच्याकडून माल घेऊन घरोघर विकणाऱ्या हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना स्वतःची कमाई हाती आली. तेव्हा या धंद्याला नुसती नावे ठेवून भागत नाही.

१९६० नंतरच्या दशकात तेथील तरुण पिढीने केस आहेत तसे, डोक्याभोवती वर्तुळाकार वाढविण्यास प्रारंभ केला. तरीही नोकरीच्या ठिकाणी अडथळा राहिलाच. १९८१ साली एका विमान कंपनीतील कृष्णवर्णीय स्त्री आपल्या बारीक वेण्यांच्या हक्कासाठी न्यायालयात गेली व हरली. केसांच्या जातीवरून व बांधणीवरून भेदभाव करण्यास बंदी करणारा पहिला राज्य कायदा २०१९ साली कॅलिफोर्नियात झाला. त्यानंतर वीसहून अधिक राज्यांनी तसे कायदे केले. २०१६ साली दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे शाळकरी मुलींना आपल्या केसांसाठी निदर्शने करावी लागली, हे वाचून तर मला आमच्या शाळेतील दोन घट्ट वेण्या व त्यांवर चोपडलेले तेल आठवले. आमच्यावर अन्याय झाला असे तेव्हा वाटले नव्हते, आणि त्या मुलींच्या दुःखाशी आमची तुलनाही नाही. पण 'नीटनेटके' या शब्दाचा अर्थ 'सरळ' असा कोणी आणि केव्हा ठरविला, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

इतके दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर व हल्याळच्या रानांत, सिद्दी समाज शतकानुशतके राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले. त्यांची बोली कोकणी, मराठी व कानडी यांच्या मिश्रणातून झालेली आहे, आणि २००३ साली त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. आपल्या घरच्याच भाषेचा शब्द ज्यांच्या तोंडी आहे, त्या मुलींना त्यांचे केस पाहून "तुम्ही कोणत्या देशाच्या?" असे प्रवासी विचारतात.

स्त्रीच्या केसांचा निर्णय इतरांनी करावा ही रीत महाराष्ट्रालाही नवी नाही. विधवेचे केस ठेवावयाचे की नाही हे तिला कोणी विचारत नसे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी केशवपनाचे काम करणार नाही असा निर्धार केला, ही आपल्या सामाजिक इतिहासातील अभिमानाची गोष्ट होय. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला.

आणि कुरळे केस आपल्याकडे अशुभ वा अशोभन मानले गेले होते असेही नाही. संस्कृतातील 'अलक' हा शब्द कपाळावर रुळणाऱ्या कुरळ्या बटेसाठी आहे. राजा रविवर्म्याची लक्ष्मी ज्यांच्या देवघरात आहे त्यांनी तिचे मोकळे केस एकदा निरखून पाहावेत. ते काही इस्त्री केलेले नाहीत. रायपूरपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर महानदीच्या काठी सिरपूर आहे. तेथील विहारात बुद्धाची मूर्ती पाहावी, अथवा तेवढे जाणे न झाले तर शहरातील महंत घासीदास संग्रहालयात सिरपूरच्या कांस्यमूर्ती पाहाव्यात. त्या शिल्पकारांनी बुद्धाच्या मस्तकावर एकेक गोल कुरळ किती आस्थेने वळविला आहे! बस्तरच्या मुरिया तरुणांनी तर फणीलाच प्रेमाची खूण केले : घोटुलातील मुलगा आपल्या हातांनी लाकडाची किंवा बांबूची फणी करून मुलीला देई आणि ती अंबाड्यात मिरवी. व्हेरियर एल्विन यांच्या १९४७ सालच्या ग्रंथात याचे सविस्तर वर्णन आहे. अंबाड्याला छत्तीसगडी बायकाही 'खोपा'च म्हणतात, हे कळले तेव्हा आमच्या आईला फार आनंद झाला होता.

आता ताईचा खरा प्रश्न : केस तसेच ठेवावयाचे तर ते आवरावयाचे कसे? कुरळ्या केसाच्या प्रत्येक वळणावर तो नाजूक असतो, आणि टाळूचे तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत उतरत नाही. म्हणून तो कोरडा राहतो. कोरड्या केसांत बारीक फणी घालणे ही आपली पहिली चूक. केस ओले असतानाच, आधी बोटांनी व मग रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून मुळाकडे गुंता सोडवावा. शिकेकाई किंवा रिठा रोज वापरू नये. आठवड्यातून एकदा पुरे. जाड टॉवेलने खसाखसा पुसण्याऐवजी जुन्या धोतराच्या तुकड्यात केस दाबून पाणी टिपावे. आणि छत्तीसगडात जवसाला तोटा नाही : दोन पेले पाण्यात पाव पेला जवस घालून मंद आंचेवर ढवळीत राहावे, पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे दाट झाले की उतरवून गरम असतानाच फडक्यातून गाळावे. हा लेप ओल्या केसांना लावून केस मुठीत हलके दाबले की कुरळ आपोआप जुळून येतात. शीतकपाटात तो आठवडाभर टिकतो. यांपैकी कोणतीही वस्तू सोसत नसेल तर ती सोडून द्यावी.

ज्यांना केस सरळच करावयाचे असतील त्यांनी द्रव्याच्या बाटलीवरील घटक स्वतः वाचावेत, आधी कानामागे थोडेसे लावून पाहावे, टाळूवर जखम असताना बसू नये, आणि चुरचुरले तर सहन न करता तत्काळ धुवावयास सांगावे. मी ते सांगितले नाही.

हे सारे मी भाचीला सांगितले, ताईच्या देखतच सांगितले. ताई म्हणाली, "तुझं सगळं खरं. पण ती मंडळी रविवारी येणार." त्यावर भाची उठून स्वयंपाकघरात गेली आणि जवसाचा डबा कोठे आहे म्हणून विचारू लागली. पहिल्या खेपेस तिने ते पाणी निवू दिले, त्यामुळे त्याचा गोळा फडक्यातून उतरेचना; सगळे फेकून पुन्हा भांडे चुलीवर ठेवावे लागले. दुसऱ्या खेपेस ताईने फडक्याचे दुसरे टोक धरले. "गाळ लवकर, हात भाजतोय," असे ती म्हणत होती. नागपूरच्या मंडळींना यायला अजून चार दिवस आहेत.