शिवराज राक्षे खरोखरच अजिंक्य होता का?

(द्वितीय वर्ष, कला)

चैत्र लागला की आमच्या खेड तालुक्यात गावोगावच्या यात्रा सुरू होतात. सकाळी बैलगाड्यांच्या शर्यती, दुपार कलल्यावर कुस्त्यांचा आखाडा आणि रात्री तमाशा, हा क्रम ठरलेला. चाकणच्या कारखान्यांतून पहिली पाळी संपवून आलेले लोक डबा हातात घेऊनच आखाड्याच्या कडेला बसतात. २०२३ च्या यात्रांत या कडेला एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होते : "शिवराजला आता कोण धरतो?"

शिवराज राक्षे आमच्याच तालुक्यातला, राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीचा. त्यामुळे हे वाक्य आमच्याकडे कोणी तपासून पाहिले नाही. प्रस्तुत लेखक पैलवान नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. लहानपणी रेवड्यांच्या कुस्तीत एकदा उतरलो होतो आणि रेवड्या समोरच्याने खाल्ल्या. परंतु जो प्रश्न आखाड्याच्या कडेला विचारला की लोक रागावतात, तो कॉलेजच्या अंकात विचारायला हरकत नसावी.

प्रथम महाराष्ट्र केसरीची रीत थोडक्यात सांगतो. किताबाचा गट ८६ ते १२५ किलो वजनाचा. त्यात मातीचा आणि गादीचा असे दोन विभाग असतात. दोन्हींचे विजेते शेवटी एकमेकांशी लढतात आणि जिंकेल त्याला मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ दिली जाणारी चांदीची गदा मिळते. कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, गुणांवर चालणारी. मात्र कोणाचे कितीही गुण झालेले असोत, दोन्ही खांदे टेकले की कुस्ती तिथेच संपते. ही शेवटची अट वाचकांनी लक्षात ठेवावी.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला कोथरूडमध्ये स्पर्धा झाली. शिवराज गादी विभागात होता, आणि तोही नांदेड जिल्ह्याच्या नावावर. (आपला माणूस आणि पाटी नांदेडची, याचे आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना अजून नवल वाटते.) गादीवर त्याने आधीचा महाराष्ट्र केसरी हर्षवर्धन सदगीर याला हरवले. अंतिम कुस्तीत समोर सोलापूरचा महेंद्र गायकवाड. एक मिनिट पुरे होण्याच्या आत महेंद्र चितपट झाला. इतक्या मोठ्या देहाचा गडी इतक्या लवकर पडलेला पाहून आमच्या आळीत जो ओरडा झाला, त्याने दुसऱ्या पाळीची झोपलेली माणसे जागी झाली. "कोण धरतो?" हे वाक्य जन्मले ते त्या रात्री.

पण त्या अंतिम कुस्तीत महेंद्र पोहोचला कसा, हे आम्ही सोयीने विसरलो. माती विभागात महेंद्रने मोहोळच्या सिकंदर शेखला हरवले होते. त्या लढतीत महेंद्रच्या बाहेरच्या टांगेला चार गुण दिले गेले आणि त्यावरून महाराष्ट्रभर वाद पेटला. वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. त्या वर्षी ज्या पैलवानाची सर्वांत जास्त चर्चा होती, तो शिवराजसमोर आलाच नाही. शिवराज आणि महेंद्र हे दोघेही पुण्याच्या काका पवार यांच्या तालमीतले. एकमेकांची पकड, एकमेकांची खोड त्यांना पाठ. कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत तयार झालेला सिकंदर मात्र निराळ्या घडणीचा. तेव्हा जानेवारीत सिद्ध झाले ते एवढेच, की समोर आलेल्या सर्वांना शिवराजने पाडले.

समोर कोण येते, हाच अजिंक्यपणाचा कळीचा मुद्दा आहे, असे मला वाटते. याचा अनुभव आमच्या घरातच आहे. माझा एक चुलतभाऊ यात्रांच्या आखाड्यांत चार हंगाम पडला नाही. यात्रेत जोड पंचमंडळी लावतात. वजन, उंची, तालीम, नाव पाहून ते ठरवतात कोणाला कोणाशी भिडवायचे, आणि जड जोड वाटली तर पैलवान सरळ "नको" म्हणू शकतो. अर्धा तास झटापट होऊन निकाल लागला नाही तर कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि दोघेही न हरता घरी जातात. दादाच्या चार हंगामांत अशा किती कुस्त्या सुटल्या, हे मी आता त्यालाच विचारले. तो बोटे मोडू लागला आणि दुसरा हात सुरू झाल्यावर थांबला. पुढे तो निवडचाचणीला मॅटवर गेला. तिथे जोड चिठ्ठीने लागते आणि नको म्हणता येत नाही. पहिल्याच फेरीत गुणांवर गेला. आज तो एका कारखान्यात कंत्राटावर माल चढवतो. आखाड्यात न पडलेला पैलवान म्हणून त्याला अजून फेटा बांधतात. तो बांधून घेतो, पण त्या रात्री जेवताना फारसा बोलत नाही.

थोरामोठ्यांचीही गोष्ट वेगळी नाही. गामा पैलवानाचे नाव अजिंक्य म्हणूनच घेतात, आणि त्याच्याइतका त्या शब्दाचा हक्कदार दुसरा कोणी माझ्या तरी डोळ्यांसमोर येत नाही. तरी रहीम सुलतानीवाल्याबरोबरच्या त्याच्या कुस्त्या निकालाविना सुटल्या होत्या. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये पोलंडचा झिबिस्को त्याच्यासमोर अडीच तासांहून अधिक काळ बहुतेक पोटावर पडून राहिला. गामाला त्याची पाठ काही लावता आली नाही. आठवड्याने पुन्हा कुस्ती ठरली, तेव्हा झिबिस्को मैदानात फिरकलाच नाही. पाठ लागायला १९२८ साल उजाडावे लागले. पतियाळाला ती कुस्ती मिनिटभरही चालली नाही. म्हणजे लंडनला गामा हरला नव्हता हे खरे, आणि त्या दिवशी झिबिस्कोही हरला नव्हता हेही तितकेच खरे.

आता पुन्हा शिवराजकडे येऊ. कुस्तीच्या दोन संघटनांच्या भांडणामुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरीच्या दोन स्पर्धा झाल्या. त्यातली एक आमच्यापासून फार लांब नाही, हवेली तालुक्यातल्या फुलगावला. अंतिम कुस्ती शिवराज आणि सिकंदरची लागली. जानेवारीत जी झाली नाही, ती अखेर जमली. वडिलांची दुसरी पाळी होती, म्हणून मी एकटाच शेजारच्यांच्या मोबाईलवर पाहत होतो. सलामी झाली, हात भिडले आणि सिकंदरने झोळी टाकली. झोळी म्हणजे एका हाताने मान आणि दुसऱ्याने पाय कवेत घेऊन, दोन्ही हात जुळवून समोरच्याची मोळी बांधायची आणि तशीच पाठीवर उलथायची. एकदा हात जुळले की सुटणे कठीण. अर्धे मिनिटही झाले नव्हते. शिवराजचे खांदे टेकले.

रात्री वडील आले तेव्हा मी निकाल सांगितला. ते म्हणाले, "पाय घसरला असंल." मी म्हटले, "आबा, झोळी होती." ते गप्प जेवले. मग म्हणाले, "त्या पोराचा बाप हमाली करायचा म्हणतात." माझे आबाही आयुष्यभर गोदामात पोतीच उचलत आले. त्यापुढे आमच्या घरात सिकंदरला कोणी वाईट बोलले नाही.

आणि गंमत अशी, की यानंतर अवघ्या काही दिवसांत धाराशिवच्या दुसऱ्या स्पर्धेत शिवराजने सदगीरला गुणांवर हरवून पुन्हा गदा घेतली. एकाच महिन्यात अर्ध्या मिनिटात चितपट होणारा आणि दुसऱ्यांदा महाराष्ट्र केसरी होणारा पैलवान एकच. तो फुलगावला दुबळा आणि धाराशिवला बलवान होता, असे म्हणणे हास्यास्पद होईल. माझ्या मते २०२३ साली तो राज्यातल्या पहिल्या दोघांत निश्चित होता. पण अजिंक्य नव्हता.

तसा या किताबाच्या इतिहासात कोण होता? १९६१ साली दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हापासून लागोपाठ तीन गदांच्या पुढे कोणी गेलेले नाही. नरसिंग यादवने २०११ ते २०१३ आणि विजय चौधरीने २०१४ ते २०१६ अशा तीन-तीन घेतल्या. मुष्टियुद्धात रॉकी मार्सियानो ४९ पैकी ४९ लढती जिंकून १९५६ साली निवृत्त झाला. पन्नासावी तो खेळलाच नाही. माइक टायसन मात्र खेळत राहिला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोला बस्टर डग्लसच्या ठोशाने आडवा झाला. जड वजनात एक ठोसा किंवा एक झोळी पुरते, आणि आधीचे हिशेब तिथे चालत नाहीत. हरल्याने पैलवान संपतो असेही नव्हे. १९७७ साली बेळगावला हरिश्चंद्र बिराजदारांनी दिल्लीच्या सतपालला पाडले, आणि त्याच सतपालने १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेतले.

या लेखाचा कच्चा खर्डा दाखवला तेव्हा दादाने विचारले, "अहिल्यानगरचं का नाही लिहिलं?" लिहायला हवे. २ फेब्रुवारी २०२५ रोजी तिथे गादी विभागातल्या निर्णायक लढतीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळला चितपटीने विजयी घोषित केले. आपले खांदे टेकलेच नव्हते, असे शिवराजचे म्हणणे होते. संतापाच्या भरात त्याने पंचांना लाथ मारली आणि त्याला तीन वर्षांच्या बंदीची शिक्षा झाली. लाथेचे समर्थन आमच्या गावातही कोणी करत नाही. पण खांदे टेकले की नाही, यावर यात्रेत अजून दोन तट पडतात. मोबाईलवरचे ते चित्र थांबवून, मागे नेऊन, बोट ठेवून दाखवतात.

दादा ते चित्र बघत नाही. तो म्हणतो, फुलगावचे लाव. त्यात वाद नाही.