कोनशिला आधी, जागा मागाहून

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजेच १९९८ पर्यंतचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, याच्या बांधकामाचा हिशेब पाहू गेल्यास सार्वजनिक वास्तू उभारताना पैसा आणि देखरेख यांची घडी कशी बसत जाते, हे बरेचसे कळते. तत्कालीन युवराजांच्या भेटीचे स्मारक म्हणून ११ नोव्हेंबर १९०५ रोजी त्यांच्याच हस्ते कोनशिला बसवण्यात आली. ‘क्रेसेंट साइट’ ही जागा मात्र मुंबई सरकारने संग्रहालय उभारण्यासाठीच्या समितीला १ मार्च १९०७ रोजी दिली, आणि खुल्या स्पर्धेनंतर वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्याकडे काम सोपवले गेले ते १९०९ मध्ये. समारंभाची तारीख पाहुण्यांच्या सोयीने ठरते आणि बांधकाम आपल्या गतीने चालते, ही सरकारी कामांची रीत तेव्हाही नवी नसावी.

स्मारक निधीत जमलेल्या रकमेखेरीज सरकारने ३ लाख आणि नगरपालिकेने अडीच लाख रुपये दिले. सर करीमभाई इब्राहिम यांनी एकट्याने सरकारइतकेच, म्हणजे ३ लाख, तर सर कावसजी जहांगीर यांनी ५० हजार रुपये दिले. इतक्या निरनिराळ्या हातांतून आलेल्या पैशाला एक जबाबदार धनी हवा असतो. ती सोय १९०९ च्या मुंबई अधिनियम क्रमांक ३ ने झाली. या कायद्याने संग्रहालय विश्वस्तांच्या, म्हणजे लोकांची मालमत्ता लोकांच्या वतीने सांभाळण्यास बांधील असलेल्या मंडळाच्या, हाती आले. दात्यांच्या औदार्याचे कौतुक होते, पण वास्तू टिकण्याचे श्रेय या रुक्ष कायद्यालाही द्यावयास हवे.

विटेट यांनी कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड वापरला, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट चढवला आणि आतल्या दालनात अठराव्या शतकातील एका वाड्याचे लाकडी खांब, कठडे व सज्जा बसवले. दगडी कवचात जुने लाकूडकाम सामावून घ्यायचे, तर त्याच्या मापांशी नव्या बांधकामाला जुळवून घ्यावे लागते. येथे ती सांगड इतकी सहज बसली आहे की खांब मूळचे दुसरीकडचे असल्याची शंकाही पाहणाऱ्याला येत नाही.

इमारत १९१५ च्या सुमारास पूर्ण झाली, पण महायुद्धाच्या काळात ती लष्करी रुग्णालय आणि बालकल्याण केंद्र म्हणून वापरली गेली. समितीच्या ताब्यात ती १९२० मध्ये आली आणि १० जानेवारी १९२२ रोजी मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी लॉइड यांच्या हस्ते उद्घाटन झाले. कोनशिलेपासून तोवर सोळा वर्षे उलटली होती.

नव्या दालनावर दात्याचे नाव कोरता येते, गळके छप्पर दुरुस्त करून देणाऱ्याच्या वाट्याला तसा मान सहसा येत नाही. म्हणून जुन्या वास्तूंच्या डागडुजीसाठी पैसा उभा करणे हे बांधकामापेक्षा अवघड ठरते. त्यातही ही पहिल्या श्रेणीची वारसा वास्तू असल्याने तिच्या मूळ रूपाला धक्का न लावता काम करण्याचे बंधन असते. शताब्दीच्या निमित्ताने टीसीएस फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने आणि संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या मार्गदर्शनाखाली येथे असे काम झाले, आणि त्याला २०२२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारांतील सर्वोच्च सन्मान, ‘अवॉर्ड ऑफ एक्सलन्स’, मिळाला.