स्तनवर्धन शस्त्रक्रिया : आकार ठरवण्यापूर्वी...

प्लॅस्टिक सर्जनकडे स्तनवर्धनासाठी येणाऱ्या अनेक स्त्रियांच्या पर्समध्ये एखादे छायाचित्र असते. कधी अभिनेत्रीचे, कधी मैत्रिणीचे, तर कधी स्वत:चेच, बाळंतपणापूर्वीचे. ‘मला असे हवे’, एवढेच त्यांचे म्हणणे असते. काही जणी आकडाच घेऊन येतात. ‘चौतीस बी आहे, छत्तीस सी करून द्या.’ मागणी वरकरणी साधी वाटते. परंतु तिला तितके साधे उत्तर देता येत नाही. इम्प्लांटचे माप ब्रेसियरच्या भाषेत नसतेच. ते असते घन सेंटिमीटरमध्ये, म्हणजे ‘सीसी’मध्ये, आणि किती सीसीचे इम्प्लांट शरीराला पेलेल, हे त्या स्त्रीच्या छातीची रुंदी, त्वचेचा ताण आणि स्तनातील उतींची जाडी यांवर अवलंबून असते. ही गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी समजणे आणि नंतर समजणे यांत पुढील अनेक वर्षांच्या सुखदु:खाचे अंतर असू शकते.

सिलिकॉन जेल असलेल्या इम्प्लांटची पहिली शस्त्रक्रिया अमेरिकेत ह्यूस्टन येथे १९६२ साली डॉ. थॉमस क्रोनिन आणि डॉ. फ्रँक गेरो यांनी केली. जिच्यावर ती झाली, ती महिला रुग्णालयात गेली होती छातीवरील गोंदण काढून घेण्यासाठी. डॉक्टरांनी या नव्या शस्त्रक्रियेविषयी विचारले, तेव्हा आपल्याला खरे तर पुढे आलेले कान नीट करून हवे होते, अशी आठवण तिने पुढे मुलाखतींतून सांगितली. त्यानंतरच्या सहा दशकांत तंत्र पुष्कळ सुधारले. मात्र, ‘ही इच्छा नेमकी कोणाची?’ हा प्रश्न आजही तितकाच ताजा आहे. पतीचा आग्रह, लग्नाच्या बाजारातील अपेक्षा किंवा व्यवसायाचा दबाव यांपोटी घेतलेला निर्णय नंतर निभावायचा असतो तो त्या स्त्रीलाच. म्हणूनच जाणते सर्जन पहिल्या भेटीत काही वेळ तिच्याशी एकटीशीच बोलतात.

कपाचे गणित फसवे

एक कप वाढवण्यासाठी साधारण दीडशे ते दोनशे सीसी लागतात, असे ढोबळ गणित सांगितले जाते. ते दिशा दाखवण्यापुरतेच उपयोगी आहे. ब्रेसियरचा आकडा छातीच्या घेराचा असतो आणि अक्षर त्या घेराच्या तुलनेत ठरते. त्यामुळे ३४ बी आणि ३६ बी यांच्या कपांत मावणारे आकारमान सारखे नसते. ३६ बी हे ३४ सी च्या जवळ जाते. त्यातच प्रत्येक उत्पादकाची मापे निराळी. मैत्रिणीला शोभून दिसणारे तीनशे सीसीचे इम्प्लांट अरुंद छातीच्या स्त्रीला फार मोठे आणि रुंद बांध्याच्या स्त्रीला अपुरे वाटू शकते. याच कारणाने ‘शस्त्रक्रियेनंतर अमुक कप मिळेल’ अशी हमी प्रामाणिक सर्जन देत नाहीत.

घरच्या घरी अंदाज घेण्यासाठी एक सोपी युक्ती आहे. मापाच्या भांड्याने अडीचशे-तीनशे मिलिलिटर तांदूळ मोजून पातळ मोज्यात भरावेत, ते ब्रेसियरमध्ये ठेवून नेहमीचे कपडे घालावेत आणि काही तास कामे करावीत. आरशात दिसणारा बदल आणि खांद्यांना जाणवणारा भार या दोहोंची त्यातून कल्पना येते. सर्जनकडे याच कामासाठी नमुना इम्प्लांट असतात. काही ठिकाणी संगणकावर त्रिमितीय चित्रही दाखवले जाते. मात्र, ही साधने इच्छा स्पष्ट करण्यासाठी आहेत. अंतिम माप त्यांवरून ठरत नाही.

मोजपट्टी काय सांगते?

आकार ठरवण्याची शास्त्रीय पद्धत मोजमापांवर आधारलेली आहे. डॉ. जॉन टेबेट्स आणि डॉ. विल्यम अ‍ॅडम्स या अमेरिकी सर्जननी २००५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पाच गोष्टी तपासल्या जातात. स्तनाच्या पायथ्याची रुंदी, त्वचा पुढे ओढली असता किती ताणते, स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचे अंतर, स्तनाच्या वरच्या भागातील उतींची चिमटीत येणारी जाडी, आणि इम्प्लांटने तयार होणारा त्वचेचा पिशवीसारखा भाग मूळ उतींनी किती भरेल याचा अंदाज.

यांतील रुंदी ही पहिली मर्यादा. इम्प्लांट मूळ स्तनाच्या पायथ्यापेक्षा रुंद असले, तर ते बगलेकडे सरकते किंवा दोन्ही स्तन मध्यभागी एकमेकांना भिडल्यासारखे दिसू लागतात. तीनशे सीसीचेच इम्प्लांट पसरट किंवा अरुंद आणि पुढे आलेले, अशा वेगवेगळ्या उंचीत मिळते. त्यामुळे नुसता सीसीचा आकडा सांगून भागत नाही. चिमटीतील जाडी दोन सेंटिमीटरहून कमी असेल, तर इम्प्लांटच्या कडा त्वचेखालून दिसण्याचा वा हाताला लागण्याचा संभव असतो. अशा वेळी ते निदान वरच्या भागात छातीच्या स्नायूखाली ठेवणे श्रेयस्कर मानले जाते. बारीक अंगयष्टीच्या स्त्रियांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरतो.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. इम्प्लांट आकारमान वाढवते; ओघळलेले स्तन ते वर उचलत नाही. बाळंतपण किंवा वजन घटल्यानंतर सैल झालेल्या त्वचेसाठी स्तन उचलून घेण्याची वेगळी शस्त्रक्रिया लागते. सैल त्वचा ‘भरून काढण्यासाठी’ मोठे इम्प्लांट घालणे म्हणजे आधीच शिणलेल्या त्वचेवर अधिक ओझे टाकणे होय.

मोठ्या आकाराचे मोल

तीनशे सीसीच्या इम्प्लांटचे वजन सुमारे तीनशे ग्रॅम भरते. हे वजन त्वचेला आणि उतींना रात्रंदिवस पेलावे लागते. उतींच्या कुवतीपेक्षा मोठे इम्प्लांट बसवले, तर कालांतराने त्वचा पातळ होते, स्तनाखालची घडी खाली घसरते, इम्प्लांटच्या सुरकुत्या दिसू लागतात. पुढे ते काढून टाकले, तरी ताणलेली त्वचा पूर्ववत होतेच असे नाही. लहान आकाराचे मोठ्यात रूपांतर नंतर करता येते. मात्र मोठ्याने केलेली हानी भरून काढणे अवघड असते.

आकार कोणताही असो, काही धोके सर्वांनाच लागू आहेत. इम्प्लांटभोवती शरीर स्वत:चे एक आवरण तयार करते. ते आकसून घट्ट झाल्यास स्तन कडक आणि वेदनादायी होतो. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, स्तनपानात अडचण येऊ शकते. सलाईन भरलेले इम्प्लांट फुटले की आकार लगेच बसतो. सिलिकॉनचे मात्र कळून न येता फुटू शकते. म्हणूनच अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिलिकॉन इम्प्लांट असलेल्या स्त्रियांना पाच-सहा वर्षांनी पहिली आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय तपासणी सुचवली आहे. मॅमोग्राफीच्या वेळीही इम्प्लांट असल्याचे आधी सांगावे लागते, कारण त्यासाठी जादा प्रतिमा घ्याव्या लागतात.

इम्प्लांट जन्मभराचे नव्हे

उत्पादनाचा इतिहासही सावध करणारा आहे. फ्रान्समधील ‘पीआयपी’ या कंपनीने औद्योगिक वापराचे सिलिकॉन भरल्याचे उघडकीस आल्यावर २०१० मध्ये तिची इम्प्लांट बाजारातून काढण्यात आली. तोवर ती जगभरातील लाखो स्त्रियांच्या शरीरात पोहोचली होती. कंपनीच्या संस्थापकाला २०१३ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी लसिका पेशींच्या एका दुर्मीळ कर्करोगाचा संबंध आढळल्यानंतर २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने आपली ‘बायोसेल’ इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी एका स्तनाला अचानक सूज येणे हे त्याचे प्रमुख लक्षण. वेळीच निदान झाल्यास इम्प्लांट आणि भोवतीचे आवरण काढून बहुतेक रुग्ण बरे होतात.

२०२१ मध्ये अमेरिकी प्रशासनाने इम्प्लांटवर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा सक्तीचा केला. इम्प्लांट आयुष्यभर टिकणारी वस्तू नाही, जितका काळ ते शरीरात राहील तितकी गुंतागुंतीची शक्यता वाढते, आणि थकवा, सांधेदुखी यांसारख्या तक्रारी काही स्त्रियांत आढळल्या आहेत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पंचविशीत शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या तरुणीने पुढील आयुष्यात आणखी एखादी तरी शस्त्रक्रिया गृहीत धरावी, हा त्याचा सरळ अर्थ. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही. कर्करोग, भाजणे वा अपघात यांनंतरच्या पुनर्रचनेची गोष्ट वेगळी.

सर्जनला काय विचारावे?

‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी म्हणजे पदवी नव्हे. प्लॅस्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा त्या तोडीची पदवी आणि वैद्यकीय परिषदेकडील नोंदणी आहे का, हे आधी पाहावे. अशा किती शस्त्रक्रिया केल्या, त्यांतील किती जणींवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, आपल्यासारख्या बांध्याच्या रुग्णांची छायाचित्रे पाहता येतील का, भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षतेची सोय आहे का, हे प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. इम्प्लांटचा उत्पादक, प्रकार आणि क्रमांक लिहिलेले कार्ड मागून घ्यावे आणि जपून ठेवावे. धूम्रपान, औषधे, घरातील स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास आणि पुढे मूल हवे असल्याचा विचार यांपैकी काहीही लपवू नये. गर्भारपणात स्तनांचा आकार पुन्हा बदलतो.

उपचाराचे स्वरूप, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यानंतर दिलेली संमती हीच खरी संमती, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मधील एका निकालात स्पष्ट केले आहे. संमतिपत्रावर शस्त्रक्रियेच्या सकाळी घाईने केलेली सही या कसोटीला उतरत नाही. निदान दोन भेटी, मध्ये विचारासाठी काही दिवस आणि गरज वाटल्यास दुसऱ्या सर्जनचे मत, एवढा अवधी स्वत:ला द्यायलाच हवा. शस्त्रक्रिया न करणे हाही एक पूर्ण पर्याय आहे.

सर्जनच्या दालनातून बाहेर पडताना छायाचित्राऐवजी स्वत:च्या मोजमापांचा कागद हाती असेल, तर सल्लामसलत योग्य दिशेने झाली असे समजावे. आणि मागितलेल्या आकाराला एखाद्या सर्जनने नम्रपणे नकार दिला, तर दुसरा दरवाजा ठोठावण्यापूर्वी त्या नकाराचे कारण नीट ऐकून घ्यावे.