सोलापूर जिल्ह्यातील जलाशयांकाठची घोरपड : ओळख व गैरसमज

प्रस्तावना :
सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण म्हणून परिचित असला, तरी उजनी जलाशय, एकरुख (हिप्परगा) तलाव आणि भीमा-सीना नद्यांचे काठ यांमुळे येथे पाणथळ अधिवासही निर्माण झाले आहेत. अशा काठावर एखादा मोठा सरपटणारा प्राणी पाण्यात शिरताना दिसला की, तो मगरीचे पिल्लू किंवा पाणघोरपड असावा असा ग्रह होऊ शकतो. भीतीपोटी त्याचा जीवही जाऊ शकतो. म्हणून त्याची शास्त्रीय ओळख आवश्यक ठरते.

प्रजाती व प्रदेश :
भारतात घोरपडीच्या चार प्रजाती आढळतात. त्यांपैकी पाणघोरपड (व्हॅरॅनस साल्व्हेटर) ही खऱ्या अर्थाने अर्धजलचर असून ती सुंदरबन, भितरकनिका, ईशान्य भारत व अंदमान-निकोबार येथे आढळते. सोलापूर परिसरात दिसते ती सामान्य घोरपड (व्हॅरॅनस बेंगालेन्सिस) होय. ती प्रामुख्याने जमिनीवर वावरते. मात्र उत्तम पोहते व बुडीही मारते. त्यामुळे केवळ पाण्यात दिसली एवढ्यावरून प्रजाती ठरविता येत नाही.

ओळखीची लक्षणे :
१) नाकपुडी : सामान्य घोरपडीची नाकपुडी फटीसारखी असून डोळा व मुस्कटाचे टोक यांच्या साधारण मध्यभागी असते. पाणघोरपडीची नाकपुडी गोलसर व टोकाजवळ असते.
२) जीभ : घोरपड लांब, दुभंगलेली जीभ वारंवार बाहेर काढते. मगरीस जीभ बाहेर काढता येत नाही.
३) पाठ : मगरीच्या पाठीवर उंचवट्यांसारख्या कठीण खवल्यांच्या रांगा असतात. घोरपडीचे खवले बारीक असतात.
४) रंग : प्रौढ घोरपड करडी-तपकिरी असते. पिल्लांच्या अंगावर ठिपके व आडवे पट्टे ठळक असतात.

ही लक्षणे दुर्बिणीतून दुरूनच पाहावीत. प्राण्यास पकडण्याची आवश्यकता नसते.

गैरसमज व संरक्षण :
घोरपडीच्या दंशाने माणूस दगावतो, हा समज निराधार आहे. तिच्या तेलास औषधी गुण असल्याचा समज आणि ‘हत्था जोडी’चा व्यापार यांमुळे तिची शिकार होते. वास्तविक हत्था जोडी ही वनस्पतीची मुळी नसून नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये घोरपडीचा समावेश असून तिच्या शिकारीस किमान ३ ते कमाल ७ वर्षे कारावासाची तरतूद आहे.

निष्कर्ष :
घोरपड उंदीर, कीटक व मृत प्राणी खाऊन शेतीपरिसराचे संतुलन राखते. अचूक ओळख ही तिच्या संरक्षणाची पहिली पायरी होय.