रोलर कोस्टरवरचा चष्मा आणि आपला कान

शाळांच्या सुट्ट्या संपल्या की जयपूरच्या दुर्गापुऱ्यातल्या आमच्या तपासणी केंद्रात गरगरण्याची तक्रार घेऊन मुलं येऊ लागतात. बहुतेकांची कहाणी सारखीच. मॉलमधल्या गेम झोनमध्ये अंड्याच्या आकाराच्या खुर्चीत बसले, डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवला, आत रोलर कोस्टर धावू लागली आणि मिनिटभरात पोटात ढवळायला लागलं. रात्रीपर्यंत डोकं जड. घाबरलेले आईवडील कानाच्या डॉक्टरांकडे जातात आणि डॉक्टर तोलाच्या तपासणीसाठी माझ्याकडे पाठवतात. मी ऑडिऑलॉजिस्ट आहे. माहेर वाईचं, लग्नानंतर टोंक रोडच्या या बाजूला राहायला आले.

पालक विचारतात, "मॅडम, नकली झूले पर ये हाल है, तो असली पर क्या होगा?" मी सांगते, खऱ्या रोलर कोस्टरवर हाच हेडसेट घातला असता तर बहुधा इतका त्रास झाला नसता. यावर त्यांचा विश्वास बसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या प्रत्येक कानात, ऐकण्याच्या भागाला लागूनच, तोलाचं इंद्रिय असतं. त्यात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांतला द्रव हलला की डोकं कुठे वळलं ते मेंदूला कळतं. शेजारच्या दोन पिशव्यांमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. वेग वाढला, कमी झाला, डोकं कललं की ते सरकतात. हे सगळं वाटाण्याएवढ्या जागेत चालतं. या इंद्रियावर काम करणाऱ्या रॉबर्ट बारानी यांना १९१४ चं नोबेल मिळालं, आणि त्यांनी सुरू केलेली चाचणी मी आजही करते. रुग्णाला आडवं झोपवायचं, डोळ्यांवर काळा चष्मा लावायचा. त्यात इन्फ्रारेड कॅमेरे असतात, त्यामुळे अंधारातही बुबुळं दिसतात. मग एका कानात ४४ अंशांचं कोमट पाणी सोडायचं. काही सेकंदांत बुबुळं एका बाजूला हळू सरकू लागतात आणि झटक्याने परत येतात, पुन्हा सरकतात. रुग्ण खाटेची कड घट्ट धरतो आणि म्हणतो, "खोली फिरतेय." खरं तर काहीच फिरत नसतं. ऊब लागून नलिकेतला द्रव हलला आणि कानाने मेंदूला कळवलं की आपण फिरतो आहोत, एवढंच. ३० अंशांचं गार पाणी घातलं की बुबुळांचे झटके उलट्या दिशेने येतात. हे एकदा पडद्यावर बघितलं की कानाचा शब्द मेंदू किती मानतो याबद्दल शंका उरत नाही.

डोळा एक सांगतो आणि कान दुसरं, तेव्हा मळमळ सुरू होते. पसरणी घाटात एसटी वळणं घेत चढत असताना आई ओरडायची, "पुस्तक मिटव, खिडकीतून बाहेर बघ!" गाडी लागण्यावर याहून चांगला घरगुती इलाज मला अजून सापडलेला नाही. पुस्तकाचं पान डोळ्यांना सांगतं की सगळं स्थिर आहे, कानाला मात्र प्रत्येक वळण कळतं. बाहेर बघितलं की दोघांचं जुळतं. मॉलमधल्या खुर्चीत याच्या नेमकं उलट घडतं. डोळ्यांसमोर तीस मजल्यांची उडी, आणि खुर्ची फार तर काही अंश पुढे कललेली. कानाला पडण्याची खबरच मिळत नाही.

जर्मनीतल्या कायझरस्लाउटर्नच्या उपयोजित विज्ञान विद्यापीठातले प्राध्यापक थॉमस वॅग्नर यांनी २०१४ च्या सुमारास हाच विचार पुढे नेला. हलणारी खुर्ची कितीही महाग घेतली तरी ती खरी उडी देऊ शकत नाही. मग खरी उडी देणारं यंत्र आधीच उभं आहे, त्यावरच हेडसेट नेला तर? युरोपा-पार्क ही बाग आणि माक राइड्स हा पाळण्यांचा कारखाना एकाच माक घराण्याचे, त्यामुळे प्रयोगाला रूळ मिळाले. सप्टेंबर २०१५ मध्ये तिथल्या 'आल्पेनएक्सप्रेस' या जुन्या, सौम्य कोस्टरवर प्रवाशांना हेडसेट मिळू लागले. रूळ तेच राहिले. डोळ्यांसमोर मात्र खाणीच्या गाडीऐवजी कल्पनेतलं जग आलं.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी मेहनत चित्र आणि गाडी यांचा मेळ बसवण्यात होती. हेडसेटमध्ये डोकं किती वळलं ते मोजणारे संवेदक असतात. गाडीच वळली तर त्यांना वाटतं, माणसानेच मान वळवली. म्हणून गाडीत वेगळं यंत्र बसवतात. चाकं किती फिरली ते मोजून गाडी रुळावर नेमकी कुठे आहे हे ते काढतं आणि प्रत्येक हेडसेटला बिनतारी कळवतं. त्या जागी रुळाचा वळसा किती हे आधीच नोंदलेलं असतं. तेवढा वजा केला की उरते ती माणसाची स्वतःची मान. चित्र सेकंदाच्या अगदी लहान अंशानेही मागे पडलं तर शरीराला कळतं, कारण कानाकडून डोळ्याच्या स्नायूंपर्यंत संदेश सुमारे दहा मिलिसेकंदांत पोचतो.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती अशी, की खऱ्या आणि चित्रातल्या रुळाचं माप एक असावं लागत नाही. दिशा जुळली पाहिजे. गाडी डावीकडे खेचली जात असेल तर चित्रही डावीकडेच वळायला हवं. पण दहा मीटरची उतरण दरीएवढी दाखवली तरी कान ते चालवून घेतो. माणसाचा कान दिशेच्या बाबतीत कडक आणि अंतराच्या बाबतीत उदार आहे.

२०१६ मध्ये या कल्पनेची लाट आली. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये 'एअर' या कोस्टरची 'गॅलॅक्टिका' झाली, अमेरिकेत सिक्स फ्लॅग्जने अनेक बागांमध्ये सॅमसंगचे गिअर व्हीआर वापरले, जपानमध्येही हेडसेट आले. ऑर्लँडोच्या सीवर्ल्डने २०१७ मध्ये 'क्रॅकन'वर ते आणले आणि पुढच्या वर्षी काढलेही. गॅलॅक्टिकावरचेही काही वर्षांत गेले.

का गेले? रांगेमुळे. समजा एका गाडीत २४ माणसं बसतात आणि दर दोन मिनिटांनी गाडी सुटते. तासाला ७२० जण झाले. आता प्रत्येकाचा पट्टा आवळायचा, चित्र स्पष्ट दिसतं का विचारायचं, बॅटरी बघायची, उतरल्यावर घामेजलेला फोम पुसायचा. दोनाची चार मिनिटं झाली की ७२० चे ३६० होतात. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला कानाचं शास्त्र नको असतं, त्याला गाडीत बसायचं असतं. २०२० मध्ये करोना आला आणि एकाच्या चेहऱ्यावरची वस्तू दुसऱ्याने लावणं कुणालाच नको झालं.

युरोपा-पार्कने रांगेवर चांगली वाट काढली होती. २०१८ मध्ये 'युरोसॅट' कोस्टर नव्याने सुरू करताना हेडसेटवाल्यांसाठी वेगळं स्थानक केलं. हेडसेट आधीच घालायचा आणि चित्रातूनच चालत गाडीपर्यंत यायचं, म्हणजे गाडी खोळंबत नाही. ओसाकाच्या 'मारिओ कार्ट'मध्ये २०२१ पासून डोक्यावर आधी नुसती पट्टी लावतात आणि काच गाडीत बसल्यावर चुंबकाने जोडतात. ती कोस्टर नव्हे, संथ गाडी आहे, पण युक्ती तीच.

आपल्याकडे खोपोलीजवळ इमॅजिका हे मनोरंजन उद्यान २०१३ मध्ये सुरू झालं. तिथल्या 'मिस्टर इंडिया'मध्ये कान फसवण्याची जुनी आणि सभ्य पद्धत बघायला मिळते: हलणाऱ्या खुर्च्या आणि समोर मोठा पडदा. कानातल्या त्या कणांना कलणं आणि वेग घेणं यांतला फरक ओळखता येत नाही. खुर्ची हळूच मागे कलवली आणि पडद्यावर क्षितिज सरळच ठेवलं, तर मेंदूला वाटतं गाडी सुसाट निघाली. विमान चालवायला शिकवणारी यंत्रंही हेच करतात. मात्र हे थोड्याच वेळापुरतं आणि थोड्याच जोरापुरतं साधतं.

तिथल्या 'नायट्रो' कोस्टरवर कुणी हेडसेट आणायचं म्हटलं तर मी विरोध करेन. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेग, उलटेपालटे फेरे. फोनसकट हेडसेट अर्ध्या किलोच्या आसपास असतो, आणि जोराच्या वळणात त्याचं वजन तीन-चार पट होऊन मानेवर येतं. शिवाय समोर सह्याद्री असताना तो झाकायचा कशाला? 'डीप स्पेस' मात्र मुळातच बंदिस्त आणि अंधारी. तिथे हेडसेट घातल्याने काहीच हरवत नाही. जुने, संथ, लोकांना कंटाळवाणे झालेले पाळणे तर या तंत्राला सगळ्यात जास्त मानवतील असं मला वाटतं.

तसं काही होईपर्यंत आपल्या मुलांच्या वाट्याला मॉलमधली खुर्चीच येणार, म्हणून पालकांना काही सांगते. गिअर व्हीआर तेरा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी नव्हता, हेडसेट बनवणाऱ्या कंपन्या वयाची अट लिहितातच. ती खेळ चालवणाऱ्याला विचारा. ज्याला प्रवासात गाडी लागते, ज्याचं डोकं अर्धशिशीने दुखतं किंवा ज्याला चक्कर येते, त्याने बसू नये. मळमळ सुरू झाली तर "थोडं राहिलंय, सहन कर" असं म्हणू नका. मुलाला लगेच डोळे मिटायला सांगा, हेडसेट काढा आणि खुर्ची थांबवायला लावा. त्यानंतर तासभर तरी त्याला सायकल चालवू देऊ नका. खेळ चालवणाऱ्यांनी प्रत्येक मुलानंतर फोम पुसावा आणि खेळ थांबवायचं बटण मुलाच्या हाताशी ठेवावं. दोन्ही गोष्टींना फारसा खर्च येत नाही.