कर्जबाजारी राष्ट्रांत निवडणूक जिंकावी कीं हरावी?

मोठ्या एकत्र कुटुंबांत कर्त्या पुरुषाच्या हातून पेटीच्या किल्ल्या धाकट्याकडे येतात, आणि पेटी उघडतांच आंत दागिन्यांऐवजी सावकारांचे रोखे निघतात, हा प्रकार आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित नसावा. मौज अशी कीं, ऋण कोणीं केलें हें घरांत सर्वांस ठाऊक असतें. रोष मात्र ज्यानें पेटी उघडून दाखविली त्याच्यावर होतो. राष्ट्राच्या संसारांतहि असेंच घडत असेल, तर अशा समयीं निवडणूक जिंकणें हें पक्षाचें भाग्य म्हणावें कीं दुर्भाग्य? या प्रश्नास ग्रीस देशाच्या अलीकडील इतिहासाइतकें बोलकें उदाहरण आम्हांस दुसरें आढळत नाहीं.

४ ऑक्टोबर २००९ रोजीं तेथें झालेल्या निवडणुकींत समाजवादी 'पासोक' पक्षास सुमारें ४४ टक्के मतें व ३०० पैकीं १६० जागा मिळाल्या. पुढारी जॉर्ज पापांद्रेऊ यांचे वडील व आजोबा दोघेहि पंतप्रधान होऊन गेलेले. पक्ष तर वडिलांनींच १९७४ सालीं स्थापिलेला. 'पैसे आहेत' असें त्यांनीं प्रचारांत छातीठोकपणें सांगितलें होतें. परंतु तो महिना संपण्यापूर्वींच नव्या सरकारास कबूल करावें लागलें कीं, वर्षाची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारें साडेबारा टक्के आहे. आधींच्या 'नवी लोकशाही' पक्षाच्या सरकारानें सांगितलेला आंकडा याहून कितीतरी लहान होता. आणि पुढें हिशेब तपासतां ही तूट १५ टक्क्यांच्याहि वर गेली!

ग्रीसचें चलन युरो, म्हणजे सामाईक. तेव्हां त्याची किंमत उतरवून सुटका करून घेण्याचा मार्ग बंद. एप्रिल २०१० मध्यें पापांद्रेऊ यांनीं कास्तेलोरिझो नांवाच्या चिमुकल्या बेटावरून साहाय्याची याचना जाहीर केली आणि मे महिन्यांत ११० अब्ज युरोंचें कर्ज ठरलें. त्याच्या अटी मात्र कठोर होत्या. सरकारी नोकरांच्या सणासुदीच्या जादा पगारांस कात्री लागली, पेन्शनी घटल्या, विक्रीवरील कर १९ टक्क्यांवरून २३ वर गेला. (पेन्शनीचें कलम वाचतांना आमच्यासारख्या वृद्धाच्या हातांतील वर्तमानपत्र क्षणभर खालीं येतें, हें आम्ही लपवीत नाहीं.) नोव्हेंबर २०११ मध्यें पापांद्रेऊ पायउतार झाले. मे २०१२ च्या निवडणुकींत पासोकला १३ टक्के मतें व ४१ जागा मिळाल्या. जानेवारी २०१५ मध्यें पांच टक्केहि मतें मिळालीं नाहींत. युरोपांतील वृत्तपत्रांनीं 'पासोकीकरण' असा शब्दच प्रचारांत आणला.

आतां ज्यांच्या कारकीर्दींत तूट एवढी फुगली त्यांचें काय झालें? 'नवी लोकशाही' पक्ष २००९ सालीं हरला, विरोधी बाकांवर बसला, २०१० च्या कर्जाविरुद्ध त्यानें मतहि दिलें. आणि जून २०१२ मध्यें त्याचेच पुढारी सामारास पंतप्रधान झाले. हरणें त्यांस पथ्यावर पडलें, असें म्हणण्यावांचून गत्यंतर नाहीं.

तथापि एवढ्यावरून 'जो जिंकला तो बुडाला' असा नियम बांधणें घाईचें होईल. जानेवारी २०१५ मध्यें काटकसरीस विरोध करून 'सिरिझा' पक्षाचे त्सिप्रास अधिकारावर आले. ५ जुलैच्या सार्वमतांत ६१ टक्के लोकांनीं सावकारांच्या अटी नाकारल्या. आणि आठवडा लोटतो न लोटतो तों त्सिप्रास यांनीं तशाच कडक अटी मान्य केल्या! वचनभंग म्हणावा तर पापांद्रेऊंच्याहून मोठा. तरीहि सप्टेंबरांत ते पुन्हां विजयी झाले, आणि २०१९ मध्यें हरतांनासुद्धां ३१ टक्क्यांहून अधिक मतें त्यांच्यापाशीं होतीं.

हा भेद कशामुळें? आमच्या मतें, २०१५ पर्यंत पेटींत काय आहे हें घरांतील पोरासोरांसहि कळून चुकलें होतें. त्सिप्रास सावकाराशीं भांडून हरले. पापांद्रेऊंनीं पैसे आहेत असें सांगून पेटी उघडली. पहिल्यास लोकांनीं दुबळा म्हटलें असेल; दुसऱ्यास लबाड म्हटलें. आम्हांस हा निवाडा सर्वस्वीं न्याय्य वाटत नाहीं. खोटे आंकडे दडपून ठेवणें त्यांस शक्य होतें. त्यांनीं तें केलें नाहीं.

जानेवारी २०१५ च्या त्या निवडणुकीपूर्वीं पापांद्रेऊ वडिलांनीं स्थापिलेल्या पक्षांतून बाहेर पडले व त्यांनीं निराळा पक्ष काढला. सभागृहांत प्रवेशासाठीं तीन टक्के मतें लागतात. तेवढींहि त्यांस मिळालीं नाहींत.